जाबदार क्रमांक चार

आपलं नाव भोंग्यावरून ऐकायला माणसाला आवडतं म्हणतात. माझ्या आईला आवडायचं. मतमोजणीच्या दिवशी कर्वेनगरातल्या शाळेच्या पटांगणात आम्ही दोघी मांडवाच्या दोरीला धरून उभ्या होतो आणि आतून थोड्या थोड्या वेळाने आकडे पुकारले जात होते. "सुलभा माधव केंजळकर," असं भोंगा म्हणाला की आई पदर सावरून मान वर करायची. मग भोंगा पुढे म्हणायचा, "शिवणयंत्र," आणि ती मान खाली घालायची. आईची निशाणी कपबशी. शिवणयंत्र ही दुसऱ्या एका सुलभा माधव केंजळकरची निशाणी होती आणि त्या बाईला आमच्यापैकी कोणीही कधी पाहिलं नव्हतं. तिची ना पदयात्रा निघाली, ना रिक्षा फिरली, ना कुठे भिंत रंगली. मतपत्रिकेवर मात्र ती आईच्या बरोबर खाली होती. संध्याकाळी आई थोडक्या मतांनी पडली. त्या न पाहिलेल्या बाईला त्या फरकाच्या कितीतरी पट मतं पडली होती. आई रडली नाही. घरी येईपर्यंत ती एकच वाक्य बोलली, "तिचं नाव पुकारलं तरी मलाच वाटायचं की मला हाक मारली."

आमचं घर म्हणजे पाळणाघर होतं. तळमजल्यावरचा फ्लॅट, बाहेरच्या खोलीत ओळीने टांगलेल्या झोळ्या, सकाळी रडारड, दुपारी कुकरच्या शिट्ट्या आणि मऊ भाताचा वास. भातावर तूप-मेतकूट, वाटीत कोमट वरण, आणि एका पोराने तोंड उघडलं की बाकीची आपोआप आ करायची. नर्स, शिक्षिका, टेलिफोनच्या ऑफिसातल्या बायका आपापली मुलं आईच्या हवाली करून जायच्या आणि संध्याकाळी ती न्यायला आल्या की पायरीवर टेकून सासूपासून ड्रेनेजपर्यंत सगळ्या तक्रारी तिच्यापाशी करायच्या. ड्रेनेजची तक्रार आई मनावर घ्यायची. त्यातूनच "मावशी, तुम्हीच उभ्या राहा" हे सुरू झालं. आता मी खराडीला लेकीकडे राहते. तिथल्या पाळणाघरात कॅमेरे आहेत, आया ऑफिसात बसून फोनवर मुलं बघतात. तोंडात घास मात्र अजून हातानेच घालावा लागतो, एवढं बघून मला बरं वाटतं.

बाबा बँकेत होते. ते कमी बोलत. घरात त्यांचा आवाज म्हणजे रविवारी बुटांवर फिरणाऱ्या ब्रशचा. कोणत्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर 'बघू' असे, आणि त्यांनी नंतर काही बघितल्याचं मला आठवत नाही. आई निवडणुकीला उभी राहते म्हणाली तेव्हाही ते 'बघू' म्हणाले. भिंतीवर तिचं नाव हातभर उंचीच्या अक्षरांत रंगलं त्या दिवशी मात्र ते घरी येताना वाट बदलून आले.

आता नावाचं सांगायला हवं. आईचं माहेरचं नाव विमल. सासवडची, वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळे स्थळ बिजवराचं असूनही नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. बाबांची पहिली बायको तापाने वारली, असं मध्यस्थाने सांगितलं होतं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नव्या नवरीचं नाव लिहितात. तिथे आजीने, म्हणजे बाबांच्या आईने, गेलेल्या सुनेचंच नाव लिहायला लावलं. "घराच्या तोंडात बसलंय. रेशनकार्डही बदलायला नको," असं ती म्हणाली आणि मांडवात लोक हसले. आई हा किस्सा पुढे विनोद म्हणून सांगायची. आमच्या घरात त्या पहिल्या बाईला 'थोरल्या' म्हणत. त्यांचा फोटो नव्हता. दरवर्षी पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला, म्हणजे सवाष्ण गेलेल्या बाईच्या तिथीला, आई त्यांच्या नावाने एक सवाष्ण जेवायला बोलवायची. त्या आधी पाटावर एक सुपारी मांडून तिला हळदकुंकू लावायची आणि हात जोडून म्हणायची, "सुलभाबाई, गोड मानून घ्या." लहानपणी मी दारातून ते बघायची. ओल्या केसांची आई स्वतःच्याच नावाने एका सुपारीला जेवायला बोलावतेय, हे मला दिवसाढवळ्या भयंकर वाटायचं. बाबा त्या दिवशी बँकेत लवकर जात.

निकालानंतर आईने कोर्टात जायचं ठरवलं. साने वकील आमच्याच सोसायटीत राहत. त्यांनी मुद्दा साध्या शब्दांत समजावला. नाव सारखं आहे एवढ्याने निवडणूक रद्द होत नाही. विजयी उमेदवाराने मतं फोडायला खोटी बाई उभी केली, हे सिद्ध झालं तर होते. विजयी उमेदवाराला आई 'हारवाले' म्हणायची, कारण निकालाच्या आदल्या दिवसापासूनच त्याच्या गळ्यात हार होता. "केंजळकर हे आडनाव पुण्यात शोधून सापडायचं नाही," साने वकील म्हणाले. "त्यात माधव दोन, आणि दोघांच्या बायका सुलभा? अहो, योगायोगालाही काही लाज असते." मग त्यांनी अर्ज लिहिला. हारवाले जाबदार, म्हणजे प्रतिवादी, क्रमांक एक, ती बाई जाबदार क्रमांक चार. जाबदार क्रमांक चार या नावाची कोणतीही व्यक्ती अस्तित्वात नाही, असं आईने शपथेवर लिहून दिलं. त्या दिवशी जेवताना आई हसत म्हणाली, "नाहीतर आमच्या थोरल्याच उभ्या राहिल्या असतील." बाबा हसले नाहीत. त्यांनी ताक मागितलं.

त्यानंतर घरात काहीतरी चुकल्यासारखं होऊ लागलं. एकदा दुपारी सगळी मुलं झोपलेली असताना फोन वाजला. मी धावत जाऊन उचलला. एका बाईने विचारलं, "सुलभा केंजळकर आहेत का?" मी विचारलं, आपण कोण बोलताय? "सुलभा केंजळकर," ती म्हणाली. आवाजात चेष्टा नव्हती, घाई नव्हती. मी रिसीव्हर आईकडे दिला. आई म्हणाली, "बोला, मी सुलभा केंजळकर." पलीकडून "बरं" एवढंच आलं आणि फोन ठेवला गेला. काही दिवसांनी कोर्टाचा बेलीफ आला. जाबदार चारच्या सदाशिव पेठेतल्या पत्त्यावर कोणी भेटत नव्हतं, आणि चौकशी केली की लोक त्याला कर्वेनगरात आमच्याकडे पाठवत होते. त्याने नाव विचारल्याबरोबर आईने "मीच" म्हणून सही करायला पेन उघडलं होतं. ती नोटीस तिनेच दुसऱ्या बाईला पाठवलेली होती, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने पेनाचं टोपण लावलं आणि बराच वेळ ते लावतच राहिली. भाजीवाली म्हणायची, वहिनी, सकाळी हाक मारली तर वळूनसुद्धा बघितलं नाहीत. आई सकाळी घराबाहेरच पडलेली नसायची.

अशात भाद्रपद आला. दरवर्षी सवाष्ण म्हणून सोमणकाकू यायच्या. त्या वर्षी नवमीच्या सकाळी दारात एक अनोळखी बाई उभी होती. पन्नाशीच्या आतबाहेरची, उंच, अंगावर साधी सुती साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू. "सोमणकाकूंचा पाय मुरगळलाय. त्यांनी मला पाठवलंय," ती म्हणाली. आईला हायसं वाटलं, कारण खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी सगळं तयार होतं आणि आयत्या वेळी सवाष्ण मिळणं कठीण. बाई पाटावर बसली. तिच्यासमोर सुपारीचा पाट होता. त्याच्याकडे तिने नीट पाहून घेतलं. पाण्याचा तांब्या आमच्या जुन्या घरातला होता, फिरकीच्या झाकणाचा. ते झाकण उलटं फिरवलं तरच उघडायचं आणि प्रत्येक पाहुणा त्याच्याशी झटापट करायचा. तिने ते बोलता बोलता एका हाताने उलटं फिरवून उघडलं. मी तिथेच वाढायला उभी होते. वाढायचं सोडून मी त्या झाकणाकडे बघत राहिले, पण का ते मला सांगता आलं नसतं.

ती सावकाश जेवली. खीर पुन्हा मागून घेतली. आईने ओटी भरायला घेतली तेव्हा तिने विचारलं, "कोणाच्या नावाने वाढलंत?"

"आमच्या थोरल्यांच्या. सुलभाबाईंच्या."

"आणि तुमचं नाव?"

"माझंही सुलभाच," आई ओशाळं हसून म्हणाली.

"बरं," बाई म्हणाली.

ते 'बरं' मी ओळखलं. आईनेही ओळखलं असावं, कारण तिच्या हातातला नारळ खणावरून घरंगळला. बाईने तो उचलून स्वतःच्याच ओटीत घेतला, आईला नमस्कार करू दिला नाही, आणि चपला घालून गेली. संध्याकाळी आई सोमणकाकूंच्या समाचाराला गेली. काकूंचा पाय खरोखरच सुजला होता. पण त्या म्हणाल्या, "मी कुठे कोणाला पाठवलं? मी तर मनाला लावून घेतलं होतं, सुलभाचं नवमीचं पान वाया गेलं असेल म्हणून." पाय मुरगळल्याचं त्यांनी त्या सकाळपर्यंत घराबाहेर कोणाला सांगितलंही नव्हतं. हे मला आजही उलगडलेलं नाही. पुष्कळ गोष्टींचा मी पुढे छडा लावला, ह्याचा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी आईने मुलं शेजारच्या बाईंवर सोपवली आणि मला घेऊन सदाशिव पेठ गाठली. नोटिशीवरचा पत्ता एका जुन्या इमारतीतल्या वरच्या खोलीचा होता. खाली घरमालक आरामखुर्चीत पेपर वाचत बसले होते. आईने नाव सांगितल्यावर त्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "ते नाव तुमचं की तुम्हाला हवं असलेल्या बाईंचं?"

"दोघींचं," आई म्हणाली.

तेव्हा त्यांनी पेपर खाली केला. वरच्या खोलीत त्या बाई ब्लाउज शिवायच्या, गिऱ्हाइकं सगळी आसपासच्या खोल्यांतल्या कॉलेजच्या मुली. वर्ध्याकडे भावाजवळ होत्या, भाऊ गेल्यावर पुण्याला परत आल्या. निवडणुकीला कशाला उभ्या राहिल्या, असं आईने विचारलं. "मीही तेच विचारलं," घरमालक म्हणाले. "म्हणाल्या, कर्वेनगरात भिंतीवर माझं नाव रंगवलंय, खाली 'हक्काची उमेदवार' असंही लिहिलंय. मग मला जाऊन उभं राहायला हवंच की."

"त्यांना कोणी पैसे-बिसे देऊन...?"

"अहो, त्या बाई माझ्याकडून चहासुद्धा घेत नाहीत. तुमच्यासाठी निरोप आहे. कोणी केंजळकर आल्या तर सांगा म्हणाल्या, नवमीचं जेवण चांगलं होतं, वड्यात मीठ जरा कमी पडलं. मला अर्थ विचारू नका. तारखेला कोर्टात येईन, असंही म्हणाल्यात."

आई जिना न चढताच मागे फिरली. अलका चौकापर्यंत आम्ही चालत आलो. भर दुपारची वर्दळ होती, स्कूटरी अंगावर येत होत्या, आणि आई रस्ता ओलांडताना मध्येच थांबली. मी तिचा दंड धरून तिला पलीकडे नेलं.

रविवारी बाबा बाल्कनीत बुटांना पॉलिश करत बसले असताना आई त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली. "अहो, थोरल्या कशाने वारल्या?"

ब्रश फिरत राहिला. मग बाबा म्हणाले, "वारली नाही. आईशी पटेना, एक दिवस भावाकडे निघून गेली. आईला लाज वाटली. तिने गावभर सांगितलं, तापाने वारली. मी काही बोललो नाही."

"घटस्फोट?"

"तो कोण घेणार? सगळ्यांना ती वारलेलीच होती."

"आणि मी इतकी वर्षं पान वाढत होते, तेव्हा?"

"तुला समाधान मिळत होतं," बाबा म्हणाले. "त्यात मी कशाला मोडता घालू?"

मी दारात उभी होते. बाबांचा मला त्या क्षणी जो राग आला तो अजून गेलेला नाही, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी. ते दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर बरं झालं असतं, निदान कधीतरी भांडले असते. एका जिवंत बाईचं श्राद्ध होत होतं आणि त्या दिवशी ते फक्त बँकेत लवकर जात होते. आईने दुसरा बूट उचलून त्यांच्यापुढे ठेवला आणि ती आत भात टाकायला गेली. त्या दिवशी झोळीतल्या मुलालाही काही कळलं असावं, कारण रविवार असूनही आमच्याकडे राहिलेलं डॉक्टरीणबाईंचं बाळ दिवसभर एकदाही रडलं नाही.

साने वकिलांना आईने सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "उलटतपासात तुम्हाला विचारतील, या बाईंना ओळखता का? आपण म्हणायचं, ओळखत नाही. बास. तिच्याकडे लग्नाचा कागद असेलसं मला वाटत नाही. पुढचं मी बघतो, कदाचित जागा मिळेलही."

"आणि ओळखते म्हटलं तर?"

"मग अर्ज गेलाच. अर्जाबरोबर आणखी काय काय जाईल, ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. कुंकवाचा प्रश्न आहे, वहिनी. मुलीचाही विचार करा."

तारखेच्या दिवशी आईने डबा भरला, मुलांची औषधं शेजारणीला समजावून दिली, आणि लग्नातला शालू नाही, नवी साडी नाही, रोजचीच हिरवी साडी नेसली. बाबा एकाही तारखेला आले नव्हते. त्या दिवशी ते आमच्या रिक्षामागून स्कूटरवर शिवाजीनगरच्या कोर्टापर्यंत आले, पण फाटकाच्या आत आले नाहीत. स्कूटर राखायला हवी, म्हणाले. कोर्टाच्या व्हरांड्यात काळ्या कोटांची ये-जा होती, टंकलेखकांची खडखड होती, कोणीतरी पिशवीतून केळी काढून खात होतं. आमच्या अर्जाचा पुकारा झाला. पट्टेवाल्याने दारात येऊन नाव पुकारलं आणि व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन बायका एकाच वेळी उठल्या. पट्टेवाला आधी इकडे, मग तिकडे बघत राहिला. तीच बाई होती. जेवून गेलेल्या घरच्या बाईला करावा तसा तिने आईला मान झुकवून नमस्कार केला आणि आत जाऊन शेवटच्या बाकावर बसली.

आई पिंजऱ्यात उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, नाही म्हण. नाही ओळखत म्हण. मला ती नगरसेविका व्हायला हवी होती, मला आमचं घर जसं होतं तसं हवं होतं, आणि शेवटच्या बाकावरच्या बाईने पुन्हा जिथून आली तिथे जावं असं मला वाटत होतं. हे लिहिताना मला त्याची लाज वाटत नाही. त्या वयात आईच्या बाजूने उभं राहणं म्हणजे तेच होतं.

हारवाल्यांचे वकील गोड बोलणारे होते. "बाई, जाबदार क्रमांक चार ही व्यक्ती अस्तित्वात नाही, असं आपण शपथेवर लिहिलंय. खरं?"

"लिहिलंय."

"जरा मागे बघा. त्या बाईंना ओळखता?"

आईने मागे पाहिलं. शेवटच्या बाकावरची बाई हात मांडीवर ठेवून बसली होती. तिने ना डोळे वटारले, ना विनवणी केली. ती नुसती दिसत होती, खिडकीतल्या उन्हात, कोणालाही दिसेल अशी. साने वकिलांनी घसा खाकरला. पंखा फिरत होता. आई इतका वेळ तिच्याकडे बघत राहिली की टाइपिस्टने बोटं उचलून घेतली.

"ओळखते," आई म्हणाली. "मी लिहिलं ते चुकीचं आहे. या सुलभा माधव केंजळकर. माझ्या यजमानांच्या पत्नी."

साने वकील मटकन खाली बसले. मागच्या बाकावर त्या बाईने पदराचं टोक तोंडाला लावलं. तिचे खांदे हलताना मी पाहिले. इतक्या वर्षांत कोणी चारचौघांत तिला जिवंत म्हटलं नव्हतं.

न्यायाधीशांनी पहिल्यांदाच कागदांतून मान वर केली. त्यांनी त्या बाईकडे पाहिलं, मग आईकडे. आवाज न चढवता, खरोखरच समजून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "मग आपण कोण?"

आईने पिंजऱ्याच्या कठड्यावरचे हात काढून घेतले.

"मी अर्जदार," ती म्हणाली.